आबांचा फोटो काढण्याबाबत

चि. श्रीयश यास पद्मजामावशीचे आशीर्वाद.

तुझा खोकला कसा आहे? इकडे सगळे खुशाल, म्हणजे दिसतात तेवढे तरी. आंदर मावळात श्रावणात नुसतं धुकं, खुशाली आवाजावरूनच ओळखायची. परवा मी फळ्यावर 'नदी' लिहिलं आणि वळून बघते तर वर्गच नाही, नुसती कुजबुज. वाटलं, मी एखाद्या ढगालाच शिकवतेय. किती वेळ तशीच हरवून उभी होते कोण जाणे. (तेवढ्यात मुलांनी डबे संपवले.)

तर आपल्या शाळेचं वेबपेज. तू करून दिलंस, छानच झालं, पण सगळी अक्षरंच. म्हणून फोटो टाकू, असं मीच म्हणाले. मी पाठवलेले फोटो बघून तू विचारलंस, हे कोऱ्या कागदाचे का? अरे, ती शाळा होती! (नीट बघ, एकात सृष्टीची रिबन दिसते.) स्वच्छ निघाला तो एकच, धोंडिबा आबांचा. शाळेला जागा देणारे आणि रोज येऊन घंटा वाजवणारे आपले आबा. तू हौसेनं त्यांना काळी चौकट केलीस, भोवती झेंडूची नक्षी, खाली 'शाळेसाठी सर्वस्व दिले'. अशा चौकटीत माणूस कधी जातो, हे तुला पुण्यात कुणी सांगितलं नाही का रे?

ते पेज नातवाच्या मोबाइलवर बघून लोणावळ्याहून आबांची बहीण हिराबाई रडत आल्या. बांधावरच्या भांडणापासून त्यांनी आबांच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. धुक्यातून हंबरडा ऐकून आबाच बाहेर आले नि म्हणाले, "कोन गेलं गं?" त्यांना बघून बाई मटकन खालीच बसल्या.

मग आबा मला म्हणाले, "बाई, जित्या मानसाला भिताडावर लावलात व्हय?" आणि शाळेत यायचेच बंद झाले. घंटा आता मी वाजवते. मुलं म्हणतात, तुमच्या घंटेनं झोप येते. खरं सांगते, आबा रुसले तेव्हापासून शाळा भरल्यासारखी वाटतच नाही. मला फार लागलंय ते.

म्हणून तुला कळवलं, 'आबांचा फोटो काढ.' आणि तू काय केलंस? मी मीटिंगला वडगावला गेले असताना कॅमेरा घेऊन थेट आबांच्या घरी गेलास, त्यांचा आणखी एक फोटो काढलास आणि तोही चौकटीत बसवलास! आता शेजारी शेजारी दोन आबा आहेत. दुसऱ्यात तर डोळेही मिटलेत. तेव्हा बाबा, काढ म्हणजे काढून टाक. दोन्ही. आजच्या आज.

तुझी,
पद्मजामावशी

ता. क. पाकीट चिकटवत होते, तोच घंटा वाजली. दणदणीत. पळत गेले तर धुक्यात आबा उभे. म्हणाले, "रुसलो कुटं? हिरा ऱ्हायलीती घरी. लय बोललो दोघं. भाकरी तर आईवानी करती." मला रडूच आलं. (धुक्यात कुणाला दिसलं नाही.) मी म्हटलं, फोटो काढायला सांगितलंय. तर दोरी सोडून म्हणाले, "न्हाई न्हाई, ऱ्हाऊ द्या. धाकटा भाऊ सीताराम बी बोलत न्हाई माज्याशी. त्यानं अजून बघितला नसंल."

ता. ता. क. तेव्हा काढू नकोस. जरा मोठा कर. सीतारामना बारीक दिसत नाही म्हणे.