काळ्या डागाचा हिरा

२९ नोव्हेंबर, शनिवार

हिरा घरी आणला. पैसे अजून दिले नाहीत. मधुशेठ सराफ म्हणाले, "वहिनी, आठ दिवस उशाखाली ठेवा. लाभला तर पैसे द्या, नाही लाभला तर परत आणा. हिरा असाच घ्यायचा असतो." पांढऱ्या कागदाची पुडी, आत डाळिंबाच्या दाण्याहून लहान खडा. अर्ध्या कॅरटला थोडा कमी. एवढ्याशाला लाखाच्या जवळ! अंगठी मग घडवायची.

सव्वीस वर्षं जव्हारात लग्नाची भांडी भाड्याने देते. गावच्या पोरींची लग्नं माझ्या पातेल्यांत शिजली. माझ्या बोटाला काय? घासणीचे चरे. आता एक घ्यायचाय. मला. कुणाच्या लग्नासाठी नाही, कुणाला द्यायला नाही.

सासू म्हणाली, "या वयात!"

म्हटलं, अठ्ठेचाळीसच झालीत, आत्या. पाठ फिरवून आत गेली. नाक मात्र वर.

३० नोव्हेंबर, रविवार

उशाखाली ठेवून झोपले. स्वप्न नाही, काही नाही. मान तेवढी धरली. ती नेहमीच धरते.

१ डिसेंबर, सोमवार

सौरभचा नाशकाहून फोन. मुलगा आहे की पोलीस! "मम्मी, सीझनला तुम्ही दोघं बाहेर, घरात एकटी आजी. विमा काढल्याशिवाय हिरा घेऊ नकोस. आणि विम्याला किमतीचा कागद लागतो. सराफाचा नाही, तिसऱ्याच माणसाचा. पैसे द्यायच्या आधी काढ, नंतर काढून काय उपयोग?"

म्हटलं, मधुशेठ तीस वर्षांचे ओळखीचे आहेत.

"म्हणूनच सांगतो."

दिवसभर टोचत राहिलं ते. उद्या जाते एकदाची.

२ डिसेंबर, मंगळवार

नाशिकची पहिली एसटी. मोखाड्याला अर्धी गाडी उतरली तेव्हा कुठे बूड टेकलं. पुडी ब्लाउजमध्ये, हात वरून दाबलेला. शेजारची बाई विचारते, "छातीत दुखतंय का हो?"

किंमत करणारा माणूस सरकारमान्य. असेल तिशीचा. चिमटा, काटा, दिवा, डोळ्याला भिंग. तासभर माझ्याकडे बघितलं नाही. मी खुर्चीत पेंगले. शेवटी म्हणाला, "खरा आहे. खाणीतला आहे. आत एक काळा ठिपका आहे."

पेंग उडाली. तो म्हणतो, "चांगलंच की मावशी! हीच याची ओळख. चोरीला गेला आणि सापडला, तर या ठिपक्यावरून तुमचाच म्हणून सांगता येईल." आणि कागदावर हिऱ्याचं चित्र काढून ठिपका कुठे आहे तेपण दाखवलं. भांड्यावर आपण नाव घालतो तसं. म्हटलं बरं झालं, याचं नाव आतूनच घातलेलं आहे. मला भिंगातून दाखवला. नागलीच्या कोंड्याएवढा.

कागदावरची किंमत मधुशेठपेक्षा जास्त! म्हटलं, मग मला स्वस्तात पडला? हसला. "ही विम्याची किंमत. हरवला तर दुकानातून तसाच नवा घ्यायला लागेल तेवढी. विकायला गेलात तर एवढे कोणी देणार नाही." म्हणजे हरवला तरच महाग. अजब धंदा.

कागद इंग्रजी. मागे मराठीत लिहून घेतलं. घरी जेवताना मोठ्याने वाचलं — तिथेच चुकले! चौथी शिकलेल्या बाईने वाचायची हौस कशाला करावी? 'काळा ठिपका' म्हटलं आणि सासूचा घास हातातच राहिला.

"काळ्या डागाचा? चंपे, तो नवऱ्याला खातो. माझ्या मावशीकडे होता. वर्षाच्या आत कपाळ पांढरं!"

नवरा म्हणाला, "मला संपवायला वेळ लागेल त्याला. ऐंशी किलो आहे मी." हसला तो एकटाच.

३ डिसेंबर, बुधवार

सासू बोलत नाही. चहासुद्धा घेतला नाही. भांडी घासायला येणाऱ्या काळीला मात्र सगळं सांगून मोकळी. काळी वांगणी गावची. म्हणाली, "बाय, दगडच ना तो? आमच्या शेतावर ये, फुकट भरून ने." मला हसू फुटलं. सासूने दोघींना झापलं.

पुडी उशाखालून काढून तांदळाच्या डब्यात ठेवली. घाबरून नाही. मान धरते म्हणून.

४ डिसेंबर, गुरुवार

मोखाड्याला लग्नाची भांडी उतरवताना नवरा मटकन खाली बसला. घाम, हात छातीवर. मी इथे, फोन आला. जीपवाला सीटा भरल्याशिवाय हलेना. ओरडले — सगळ्या सीटांचे पैसे देते, हाक मेल्या!

दवाखान्यात पोचले तर ईसीजीची पट्टी काढून झालेली. डॉक्टरीण अगदी पोर. म्हणाली, "काका, सकाळी काय खाल्लं?" लग्नघरचे सात वडे! रिकाम्या पोटी! पित्त. हृदय ठणठणीत.

मी तिथेच त्याला वाट्टेल ते बोलले. आडव्या माणसाला. पण जीपमध्ये काय म्हणत होते ते मलाच माहीत. घे, घे तुझा दगड परत, एवढंच सारखं. कुणाला म्हणत होते? देवाला की मधुशेठला?

घरी सासू दारातच उभी होती. लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. बास.

५ डिसेंबर, शुक्रवार

परत दिला.

मधुशेठ म्हणाले, "वहिनी, वड्यांचं खापर हिऱ्यावर?"

विचारलं, डाग तुम्हाला माहीत होता?

"होता. म्हणून तर एवढ्यात बसवला. बिनडागाचा तुम्हाला परवडला नसता." खरं बोलले. राग येईना. आला असता तर बरं वाटलं असतं.

दगड माणसाला खातो हे मला आजही पटत नाही. पण यापुढे नवऱ्याला नुसता ठसका लागला तरी मी बोटाकडे बघणार. असला दागिना घालून सुख काय?

घरी येऊन मोठ्या तीन कढया घासल्या. काळी म्हणाली, मी आहे ना. म्हटलं, सर बाजूला. नवरा दारात उभा. "घेऊन टाकायचा होतास. मी काय आज मरतोय?" म्हटलं, तुम्ही तोंड उघडू नका, खायलाही आणि बोलायलाही! सासू ओसरीवरून सगळं ऐकत होती. ऐकू दे.

दमले. कामाने नाही. काम रोजचं आहे. एवढ्या वर्षांनी एक गोष्ट हवी म्हटलं, आणि माझ्याच तोंडाने नको म्हणून आले. त्याने दमले.

६ डिसेंबर, शनिवार

मधुशेठचा फोन. "वहिनी, सासूबाई दुकानात बसल्यात. उठत नाहीत." म्हातारी एकटी बाजारात गेली! तशीच धावले, हाताला साबण.

बाकावर मांडी घालून बसलेली. पुडी मुठीत. म्हणते, "शेठ, पावती माझ्या नावावर कर. पुतळी नाव माझं. विमा पण माझ्याच नावावर. पैसे सून देईल."

म्हटलं, आत्या, हे काय काढलंत?

"हिरा माझा. तू नुसता बोटात घाल. माझा नवरा जाऊन तीस वर्षं झाली. खाईल कुणाला? बसू दे उपाशी!"

मधुशेठ हसता हसता खोकले. पावतीवर तिचा अंगठा. मी पैसे मोजले. मोजताना दोनदा चुकले, डोळ्यांना काही दिसेना.

येताना म्हातारी रिक्षात म्हणाली, "रडतेस काय? नाक पूस."

७ डिसेंबर, रविवार

सौरभ आला, विम्याचा अर्ज भरला. किमतीचा कागद आजीच्या नावाने नवा काढू म्हणाला. मग विचारलं, "आजीनंतर हिरा कुणाचा लिहू?" म्हातारीने माझ्याकडे बोट केलं.

म्हणजे ती गेली की तो माझा. आणि माझा नवरा आहे.

आता हिला मरू देऊन चालायचं नाही.