पानवाल्याचं मागचं चाक

अप्पा, आज एका बाईच्या सायकलीचं चाक सरळ करता करता तुमचा इतका राग आला की पाना खाली ठेवून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन कित्येक वर्षं झाली. राग मात्र गेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

चोळपुरमचा तो पानवाला आठवतो? विड्याच्या पानांच्या टोपल्या मागे बांधून तुमच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात यायचा. तुम्ही जेवायला घरी गेला होतात, त्याला बाजार गाठायचा होता, म्हणून त्याचं डुलणारं चाक मीच सोडवलं. एकेक आरा ताणला, सैल केला, आणि ते ब्रेकच्या रबरांना कुठेही न घासता फिरू लागलं. एवढ्यात तुम्ही येता. चाक फिरवता, वाकून बघता. ते सरळ आहे हे तुम्हाला दिसतं, आणि तुम्हाला दिसलं हे मला दिसतं. तरी तुम्ही सगळे आरे सैल करता आणि गिऱ्हाइकासमोर तेच चाक पहिल्यापासून बांधता. वर मला तमिळमध्ये म्हणालात, "वीट्टुक्कु पो." घरी जा. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात आपल्या तोंडी मराठीशिवाय शब्द नसे. दुकानात मात्र मी कुणा परक्याची पोर झाले. लाज कसली वाटली तुम्हाला? माझ्या काळ्या हातांची, की ते तुमच्याइतकेच चांगले चालतात याची?

आता तुमचं दुकान होतं त्याच गल्लीत माझं दुकान आहे. दारासुरमचे विणकर येतात, फुलवाल्या येतात, कॉफीचा डबा बांधून फिरणारा एक म्हातारा येतो. चेन बसली, ब्रेक लागला की माणूस टांग टाकून निघतो, आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत सायकल त्याच्या डोक्यातून गेलेलीही असते. त्याच्या त्या विसरण्यात मला केवढं समाधान आहे! एवढ्याशा सुखासाठी तुम्ही जाण्याची वाट बघावी लागली मला. हे मी तुम्हाला माफ करणार नाही.

हे पत्र काही कुठे जाणार नाही, दुकानाच्या खणातच राहील, म्हणून एक सांगून टाकते. शेवटच्या वर्षी तुमची कंबर धरली, वाकवेना, तेव्हा तुमची स्वतःची सायकल तिरुभुवनमच्या मेस्त्रीकडे दिली असं आईने तुम्हाला सांगितलं. दिली नव्हती. "तूंच कर गे, त्यांस कळूं देऊं नको," असं ती मला म्हणाली, आणि शेजारच्या परसात दोन दुपारी बसून मी ती पुरती खोलून बांधली. तुम्ही एक फेरी मारून आलात, ओट्यावर टेकलात आणि आईला म्हणालात, "त्या मेस्त्रीचा हात बरवा आहे. माज्याहून बरवा."

मी दाराआड उभी होते. तुमच्या भीतीने गप्प राहिले, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. खोटं आहे ते. मी पुढे आले असते तर तुम्ही ते शब्द परत घेतले असते, आणि मला ते हवे होते.