टपोरी कालवं

१८ जानेवारी, अमावास्या

सासूबाईंचा हात कालवांचे शिंपले फोडताना कापला, म्हणून आज विकायला मी! मनुबाईची कालवं म्हणजे आगरदांड्यात नाव आहे सासूबाईंचं. फोडली की त्यांच्याच खारट पाण्यात ठेवायची, ही त्यांची रीत. मी गुपचूप गोड्या पाण्याच्या टोपात तासभर बुडवून ठेवली. बारावी सायन्सला बटाट्याच्या फोडीवर केलं होतं ना परासरण — आत खारट, बाहेर गोडं, की पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी आत शिरतं आणि पेशी फुगते. कालवं अशी टपोरी झाली! मापाचे पेले पटापट भरले, सगळे खपले. शेवटचे आबिदाचाचींना घरपोच दिले. विनेश म्हणाला, "नूतन, आयच्या वरताण निघाली माझी बायको!" काय फुशारले मी.

१९ जानेवारी

मेले! चाचींचा मुलगा कैस कतारहून आलाय. त्याच्यासाठी रस्सा केला, तर कालवं निम्मीच. चाचींनी पाहुण्यांदेखत नव्या सुनेला सुनावलं — "चूल सांभाळायला सांगितली होती लाइबा, तोंड नाय चालवायला!" चोरून खाल्ली म्हणे तिनं. नळावर सगळ्या खिदळत होत्या.

मीठ पडलं, चटका बसला, शिरलेलं पाणी बाहेर आलं. आकसणारच ती. मला पक्कं ठाऊक होतं. ते त्या पोरीच्या अंगावर येईल, हे डोक्यातच आलं नाही.

२० जानेवारी

दोन कालवं घेऊन बसले. एक गोड्या पाण्यात, एक मिठाच्या दाट पाण्यात. पहिलं फुगलं, दुसरं सुरकुतलं. काय बघायचं होतं मला? शिकलेली म्हणे! एक थोबाडीत हवी होती, बस.

२१ जानेवारी

लाइबा नळावर आली. मान खाली. मी कळशी अर्धी टाकून पळाले.

२२ जानेवारी

सासूबाईंना सांगून टाकलं. वाटलं, शिव्या घालतील. पट्टीचा हात मांडीवर ठेवून ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवापास्नं त्या घरात देते मी. कुनी कंदी पेल्यात बोट घालून बघितलं न्हाय." एवढंच! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"उद्या जाऊन सांगते चाचींना," म्हटलं.

"त्या पोरीवरचा आळ निघाला पायजे," म्हणाल्या. रात्री जेवल्या नाहीत.

२३ जानेवारी

गेले. दार लाइबानं उघडलं — हसून! मी तोंड उघडणार, तोच चाचींनी पाठीवर हात ठेवला. "मनुबाई सकाळीच येऊन गेली. पाणी मीच पाजलं म्हणाली, नूतनला कायबी ठाऊक न्हाय. ते ऐकून मी या पोरीची माफी मागितली. पण तौबा, या वयात असली दगाबाजी! आता कालवं तूच आणायची हां बेटी. त्या म्हातारीला उंबरा चढू देणार नाय मी."

मी "बरं" म्हणाले.