नवी सिस्टीम आणि माझा डावा कान

३ नोव्हेंबर, सोमवार
सोनोग्राफी सेंटरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची सिस्टीम बदलली. जुनी सिस्टीम आता चालणार नाही म्हणे, म्हणून काल सुट्टीच्या दिवशी नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून गेले. मला कुणी बोललं नाही. सकाळी बसले, मशीन चालू केलं, तर गप्प. मला दिसत नाही हे तिथं सगळ्यांना माहीत आहे. पण माझं मशीन बोलतं म्हणून मी रिपोर्ट टाइप करू शकते, हे नेमकं वेळेला कुणाच्या ध्यानात राहत नाही.
सिस्टीमवाल्याला फोन केला. म्हणाला, "मॅडम, आता तर लई सोपं झालं. चित्र बघायचं आन् दाबायचं." मग त्याचं त्यालाच कळलं असावं. येतो म्हणाला.
दुपारी येऊन स्क्रीन रीडर टाकून दिला. बोलतोय. पण निम्म्या जागी नुसतं "बटण" म्हणतो. बटण, बटण, बटण. कशाचं, ते नाही.

४ नोव्हेंबर
खरी पंचाईत आज कळली. माझे दोन हेडफोन असतात. उजव्या कानात डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या रिपोर्टचं रेकॉर्डिंग, डाव्या कानात मशीन, मी काय टाइप केलं ते सांगणारं. अशीच शिकले, असाच हात बसला. नव्या सिस्टीमला दोन कान कळत नाहीत. डॉ. सराफ आणि मशीन दोघंही एकाच वेळी, दोन्ही कानांत. डॉक्टर "लिव्हर" म्हणतात त्यावर मशीन "स्पेस" म्हणतं.
एरवीच्या निम्मेही रिपोर्ट झाले नाहीत. शबाना काउंटरवरून दोनदा येऊन गेली. "अनिता, पेशंट लोगां खडे हैं." खडे आहेत, मला ऐकू येतंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार
डोकं ठणकतंय. मॅनेजर जाधव सरांना हेडफोनचं सांगितलं, तर म्हणाले, सवय होईल. होईल, पण तोपर्यंत? स्पीडसाठी मशीनचा आवाज बंद करून टाइप करायचं, मग शेवटी एकदा ऐकायचं, असं सुरू केलंय. जमतंय. बरं नाही वाटत, पण जमतंय.
माझा नवरा मिलिंद कंपनीतून आला तेव्हा मी घरच्या लॅपटॉपवर नुसतीच बसलेली. यात जुनीच सिस्टीम आहे. "काय करतीस?" म्हणाला. काही नाही, म्हटलं. फायली उघडत होते आणि बंद करत होते. नाव सांगून उघडतात. त्यातच जरा बरं वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
आज फार गर्दी. औरंगपुऱ्यात शनिवारी बाजाराला आलेली माणसं दवाखानाही उरकून घेतात. कॅबिनबाहेर बाया, लेकरं, सगळा गलका. दोन दोन फायली उघड्या होत्या, इकडून तिकडं जाताना मशीन कधी नाव सांगत होतं, कधी नाही. मधेच कसलीतरी सूचना वाजली, ती बंद केली, मग पुढं टाइप करत गेले.
शेवटचे रिपोर्ट परत ऐकले का? काही ऐकले. सगळे नाही. डॉ. गठ्ठ्यावर सह्या करून निघाले.

९ नोव्हेंबर
सुट्टी. आईचा फोन लासूरहून. तिच्याशी बोलताना लक्ष नव्हतं. कालचं एक वाक्य डोक्यात फिरतंय. उजव्या मूत्रनळीत खडा, किडनीला सूज. हे टाइप केलं, ते बोटांना आठवतंय. कुणाच्या नावाखाली, ते कानांना आठवत नाही.
मिलिंद म्हणाला, "उगं घोकत बसतीस. जाऊन बघ ना उद्या."

१० नोव्हेंबर, सोमवार
लवकर गेले. शनिवारच्या सगळ्या फायली एकेक करून ऐकल्या.
एका आजोबांच्या रिपोर्टात वर लिहिलंय दोन्ही किडन्या नॉर्मल, आणि अगदी खाली माझं ते वाक्य. रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. ते वाक्य आजोबांचं नाही. त्यांच्या आधीच्या बाईचं आहे. कविता, देवगाव रंगारी. तिची फाईल उघडली. नॉर्मलचा साचा आधीच भरलेला असतो, बिघाड असेल तिथंच मी बदलते. तिच्यात काहीच बदललेलं नव्हतं. सगळं नॉर्मल. खाली डॉक्टरांची सही होऊन रिपोर्ट शनिवारीच गेलेला.
दोन्ही फायली परत एकदा ऐकल्या.
शबानाला सांगितलं. ती खुर्ची ओढून अगदी जवळ बसली, हळू बोलली, "देख, किसी को मालूम नई. तू फाइल ठीक कर. वो लोगां वापस आये तो मैं नया प्रिंट दे दूंगी. तेरी नोकरी का सवाल है." माझ्या भल्यासाठीच बोलत होती. इथं खोटं कशाला लिहू, तसंच करावं असा विचार जरा वेळ केला मी.
मग म्हटलं, आणि नाही आले तर?
डॉ.च्या कॅबिनमध्ये गेले. सांगितलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला कधी कळणार नाही. मग म्हणाले, "सही माझी आहे." आणि थोड्या वेळानं, "फोन लावा."
आजोबा जवळच राहतात, त्यांचा मुलगा येऊन नवा रिपोर्ट घेऊन गेला, वैतागून. कविताचा फोन बंद. संध्याकाळपर्यंत बंद. शबानाच लावत होती, न सांगता.

११ नोव्हेंबर
सकाळी लागला. नवऱ्यानं उचलला. डॉ.नी फोन माझ्या हातात दिला नाही, स्वतः बोलले, पण मी समोर होते, स्पीकरवर होता.
"रिपोर्ट तर नॉर्मल आला ना सायेब? रातच्याला लई दुखत होतं तिला. म्हणलं, कागदावर काय नाय, गोळी खा आन् झोप."
डॉ. म्हणाले, आमची चूक झाली आहे, आजच घेऊन या.
मग, "आणतो."

आजच लिहून ठेवते. दुपारी आली ती. ताप होता. डॉ.नी परत तपासली, चिठ्ठी दिली, लगेच मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. नवरा गाडी बघायला खाली गेला तेव्हा ती माझ्या टेबलाजवळच्या बाकावर बसली होती. श्वासावरून कळत होतं किती दुखतंय ते. मी तिला सांगितलं की रिपोर्ट मी टाइप केला होता. कसं झालं ते सांगायला लागले, सिस्टीम, हेडफोन. मधेच थांबले. तिला त्याचं काय.
ती म्हणाली, "म्या म्हणतच होते दुखतंय. घरात कुणी ऐकीना. कागदात नाय म्हणल्यावर कोण ऐकतंय."
रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
जाधव सरांनी बोलावलं. उद्यापासून फोन घ्यायचे, अपॉइंटमेंट द्यायच्या. "तुम्हालाही त्रास नको, मॅडम." आवाज गोड. मी म्हटलं, जुनी सिस्टीम माझ्या एका मशीनवर राहू द्या. ते म्हणाले, शक्य नाही. मग म्हटलं, निदान दोन कान वेगळे करून द्या, मग बघा. कशाचे कान, त्यांना कळेना. समजावून सांगितलं. हे मी पहिल्या दिवशीच मागायला हवं होतं, ते म्हणाले. मागितलं होतं. पण त्यावर भांडायला आज तोंड नव्हतं.
डॉ. म्हणाले, टायपिंगचं महिनाअखेरपर्यंत बघू.

१४ नोव्हेंबर
सिस्टीमवाल्यानं एक छोटी डबी आणून लावली. पोरगं बरंय तसं, ओशाळलेलं. आता डावा कान मशीनचा, उजवा डॉक्टरांचा. पहिल्यांदा वेगळे ऐकू आले तेव्हा एकच वाक्य तीनदा लावून ऐकलं, शबानासमोरच.
मुकी बटणं तिनंच वाचून दिली, जेवणाच्या सुट्टीत. डबा तसाच राहिला तिचा. मी एकेक पाठ करत गेले.
फोनही मीच घेतेय आणि उरलेल्या वेळात टाइप. प्रत्येक वाक्याआधी पेशंटचं नाव ऐकते. एकदा नाव, एक वाक्य. परत नाव. फार हळू होतं. चालेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार
नवी मुलगी आली टायपिंगला. पूजा. डोळस. पलीकडच्या टेबलावर तिची बोटं पावसासारखी चालतात. मला ताई म्हणते. तिचा राग येत नाही, यावा असं वाटतं.
डॉ. आता सही करण्याआधी वाचतात. माझेही आणि तिचेही. कॅबिनमधून कागद उलटल्याचा आवाज फार वेळानं येतो. सेंटर उशिरा सुटतं, सगळे कुरकुरतात.
मिलिंद म्हणतो, तुझी चूक नव्हतीच, मशीनची होती. मला दोन्ही पटत नाहीत. आवाज बंद कुणी केला होता?

१९ नोव्हेंबर
शबानानं मोठ्या दवाखान्यात फोन करून विचारलं. खडा काढला. किडनी किती सावरली ते पुढच्या तपासणीत कळेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
जाधव सर म्हणाले, सोमवारी सकाळी डॉ. आणि ते बसून ठरवणार, टायपिंगला कोण आणि फोनवर कोण.
जेवणानंतर फोन वाजला. अपॉइंटमेंट पाहिजे म्हणून. नाव विचारलं. कविता, देवगाव रंगारी. आवाज आता बरा होता, पण सावकाश बोलत होती. सोमवारी परत सोनोग्राफी करायला सांगितलीय तिला.
इथंच करणार का, म्हणून मी विचारलं. म्हणाली, "डॉक्टर चांगले हायेत."
मी दुपारची वेळ दिली. तिनं फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "ताई, कागद तुमीच टाइप करणार व्हय?"
आवाजावरनं माणूस ओळखते मी, एवढी तरी सवय आहे. पण ती भीतीनं विचारत होती की भरवशानं, नाही कळलं. आणि मला तरी कुठं माहीत होतं सोमवारचं.
म्हटलं, "या तुम्ही. मी असेन."