अकरावा प्रश्न

१२ जून
एका शब्दाने काम फत्ते! परदेशी मदतीचा अर्ज, अकरावा प्रश्न – 'हातपंप देशात तयार होतात का?' 'हो' लिहिलं तर चार हजार पंप फुकट मिळणार नाहीत. साहेब म्हणाले, "अहो बाई, चार ओतशाळा पंप ओततात म्हणजे काय उत्पादन झालं? लिहा 'नाही'." लिहिलं. त्या चारांतली एक दादाची आहे. पण कोरड्या गावांना पाणी मिळेल. त्यात वाईट काय?

९ नोव्हेंबर
पंप आले. निळे, चकचकीत. कार्यालयात सगळे खूश. मीही.

२ फेब्रुवारी
दादाकडे गेले. भट्टी थंड. चौदा माणसं घरी बसवलीत. "फुकट मिळतंय तर माझ्याकडून कोण घेईल, ठमे? मीसुद्धा घेतला नसता!" – आणि वर हसला. वहिनी चहा ठेवून आत गेली.
सांगायचंच असं ठरवून गेले होते. चहा संपवून तशीच परत आले.

३० मार्च
वार्षिक अहवाल टाइप केला. 'मदतीमुळे विकासदर उंचावला.' आकडा खरा आहे. साहेबांना विचारलं, "आलेले पंप मोजले, पण इथे होऊ शकले नाहीत ते कुठल्या रकान्यात?" "बाई, चहा घ्या."

१७ मे
वही वर्षभराने उघडतेय. धीर नव्हता.
निळे पंप धडाधड बंद पडताहेत. आतला बिडाचा सांधा तुटतो आणि तो इथे मिळत नाही. साहेब म्हणाले, "तुमचे बंधू करून देतील का बघा." आता आठवले बंधू!
दादा म्हणाला, "दिला असता गं. साचे कुठेत? बाबांनी हाताने कोरलेलं लाकूड – गेल्या थंडीत सरपणाला गेलं." आणि मग, "इथे पंप होतच नाहीत, असं कुणी कळवलं असेल गं?"
"कुणास ठाऊक," म्हटलं.
खोटारडी! सख्ख्या भावाच्या तोंडावर! आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

४ जून
नवा अर्ज आला. पुन्हा पंप, पुन्हा अकरावा प्रश्न. या वेळी साहेब काहीही म्हणोत, 'हो' लिहायचं ठरवून बसले. आधी चारही ओतशाळांकडे चौकशी केली. चारही बंद.
'नाही' लिहिलं. या वेळी खरं लिहिलं.