गोदौलिया पाच मिनिटांत

४ जानेवारी १९८३
आजपासून रोज लिहायचं. काशीच्या पहिल्या मोटरवेच्या नोंदी कुणीतरी ठेवायला हव्यात, आणि आराखडा माझाच आहे. स्टेशन ते गोदौलिया चौक, खांबांवरून, साडेतीन किलोमीटर. साहेब म्हणाले, "बनाइए, देखते हैं." म्हणजे मंजूरच.

१९ जानेवारी
नकाशावर लाल रेघ ओढली. सरळ ढुंढिराजकाकांच्या घरातून जाते. प्रमोदिनी म्हणाली, जरा सरकवा की, तुमचे सख्खे काका आहेत. बायकोच्या सांगण्यावरून रेघ वाकवणारा इंजिनियर मी नव्हे.

२ फेब्रुवारी
काकांकडे गेलो. सत्तरी उलटली, तरी रोज दशाश्वमेध घाटावर यात्रेकरूंना संकल्प सांगतात. म्हटलं, वर्षभरात घर पडणार, सरकारी भरपाई कधी मिळेल सांगता येत नाही. आत्ताच विका आणि वेणीमाधवकडे इंदूरला जा. मुलगाच आहे तुमचा. काकांनी पंचांग मिटलं. मग म्हणाले, "शरद, रस्ता नक्की होणार ना?" म्हटलं, "काका, मी करतोय."

२१ मार्च
गेल्या आठवड्यात सर्व्हेच्या खुंट्या ठोकून घेतल्या. आज पाहतो तर विणकरांनी त्यांवर ताणा पसरलेला. गल्लीभर हिरवं रेशीम. एक म्हातारा म्हणाला, "बाबू, खूँटी बड़ी अच्छी जगह गाड़ी आपने." जनता सोबत आहे.

१८ एप्रिल
काकांचं घर शेजारच्या लॉजवाल्याने घेतलं. त्याला प्रामाणिकपणे सांगितलं, इथून मोटरवे जाणार आहे. हसला. अडाणी माणूस.

१० मे
काका इंदूरला गेले. स्टेशनवर म्हणाले, रस्ता झाला की बघायला येईन. साहेबांची मीटिंग होती म्हणून गाडी सुटायच्या आधीच निघालो. मीटिंग झाली नाही.

१६ ऑगस्ट
साहेबांची बदली. नव्या साहेबांनी विचारलं, "कौन-सी फ़ाइल?" लांबी दीड किलोमीटरवर आणली. मोटरवे छोटाही असू शकतो.

३ ऑक्टोबर
आता आठशे मीटर. एक चढ, एक उतार, मधे थोडं सपाट. प्रमोदिनी घरात बोलेनाशी झाली आहे. माझ्या कामाचा ताण तिच्यावरही येत असणार.

२२ नोव्हेंबर
फाईल परत आली. शेरा: आवश्यकता नहीं. सही नीट वाचता येत नाही, त्यामुळे शेरा अंतिम नसावा. काकांच्या घरावर लॉजचा तिसरा मजला चढतोय.

४ डिसेंबर
काकांचं पत्र. सगळे प्रेमाने करतात, सून गरम पाणी काढून देते. नळाच्या पाण्याने अंघोळ करताना संकल्पात गावाचं नाव म्हणून तोंडून अजून काशीच येते, मग थांबून दुरुस्त करतो, असं लिहिलंय. शेवटी विचारलंय, आपल्या घराच्या जागेवरून मोटारी जाऊ लागल्या का?
लगेच उत्तर लिहिलं. काम जोरात सुरू आहे.
प्रमोदिनीने टेबलावरचा कागद वाचला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. म्हणाली, "कुठे?"
पत्र टाकलं नाही.