मारणाऱ्यानं वाढायचं

३ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. तूच म्हणालीस ना, फोनवर तू थापा मारतोस, कागदावर तुला त्या जमत नाहीत. खरंय. मला चार ओळी लिहिताना घाम फुटतो, त्यात थापा कुठून सुचणार? तर खरं तेच लिहितो. काल मी एका पोराचे दात पाडले.

पहिल्यापासून सांगतो. तुझ्या सांगण्यावरून बंदरातली हमाली सोडून शेंडेफळाच्या शहरात आलो. (वाटेत एका ट्रकवाल्याबरोबर चार दिवस भलतीकडेच गेलो होतो, त्याच्याकडे एका कानाचं कुत्रं होतं, पण ते राहू दे.) तिचा पत्ता म्हणजे एक तळघर निघालं. आत चार मुली, बाहेर तीन मुलगे, सगळे परमुलखातून शिकायला आलेले. मधल्या दाराच्या जागी चादर. आपली बहीण कॉलेजात होती. एका मुलीला विचारलं, दार कुठंय? ती म्हणाली, भाडं थकलं की घरमालक दार काढून नेतो. त्यासाठी त्याने एक आडदांड सुतार पोसलाय. त्याला सगळे हातोडा म्हणतात. तो आधी बिजागऱ्या सोडवतो, आणि कुणी मध्ये आलं तर हातातलं हत्यार चालवतो. मागच्या महिन्यात एका मुलाने चौकट धरून ठेवली, तर त्याची दोन बोटं चेचली. तक्रार? कुणीच केली नाही. पोलिसात नाव गेलं की व्हिसा जातो म्हणे.

माझं डोकं तिथेच तापलं. तसाच रस्त्यावर आलो, तर समोरून एक काटकुळा पोरगा पळत येतोय आणि त्याच्या खांद्यावर शेंडेफळाची पिशवी. तीच, अण्णांच्या चौकड्याच्या सदऱ्याची तू शिवलेली. जगात तसली दुसरी पिशवी नाही. मी समजलो, चोर. विचारलं नाही, सरळ हाणलं. तो फुटपाथच्या कडेवर तोंडावर पडला. पुढचे दोन दात गेले. मी वर आणखी दोन लाथा घातल्या. अंडी फुटली, दुधात रक्त मिसळलं, डबे घरंगळत गटारात गेले.

तो चोर नव्हता, ताई. प्रार्थनाघरामागच्या हॉलमध्ये गरजूंना शिधा मिळतो. तिथं रांगेत हाणामारी होते, पिशव्या ओढतात. म्हणून हे सात जण पाळीपाळीने एकालाच पाठवतात, आणि पिशवी तेवढी एकच धड आहे, शेंडेफळाची. तो सातांचं जेवण घेऊन जीव मुठीत धरून पळत होता. त्यांच्यातलाच, बोटं चेचलेला तोच. पडताना त्याने पट्टी बांधलेला हात टेकला होता.

काल सातही जण उपाशी झोपले. शेंडेफळ माझ्याशी बोलत नाही. गालफडं बसलीत तिची. दोनदा वर्गात चक्कर येऊन पडली, हे तिच्या मैत्रिणीकडून कळलं. महिन्याअखेर तिची शेवटची परीक्षा आहे. हातोडा आता बाहेरचं दार न्यायला येणार आहे. ते गेलं की तिला परत यावं लागेल, पदवीचा कागद हातात न घेता.

तुझा लोभ होता तेवढा तरी ठेव,
भिंगरी


१२ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. आ. (द्यायची रीत आहे म्हणून दिले.)

बैल मोठा झाला, शिंगं तशीच राहिली. पत्र वाचून हे म्हणाले की शाब्बास, बहिणीच्या मदतीला पाठवला तर तिचं जेवणच सांडून आला.

शेंडेफळ मला दर रविवारी फोनवर सांगायची, ताई, इथलं जेवण मानवलंय मला, वजन वाढलंय. मीही भोळी. आपल्या पोरीवर कुणापुढे हात पसरायची वेळ येणार नाही, असं अण्णा चारचौघांत म्हणायचे, ते तिनं गाठीला बांधलं असणार. तिला सांग, अण्णांना उपाशी पोरगी बघवली नसती.

आता तुझं. आपल्या घरात एक नियम होता. ज्याने हात उचलला त्याने त्याच हाताने समोरच्याला वाढायचं, जखम भरेपर्यंत, आणि तो जेवल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही. तू माझं कपाळ फोडलंस तेव्हा किती दिवस तोंड फुगवून मला वाढत होतास? त्या पोराचं तोंड बरं होईपर्यंत त्याला वाढ. मऊ भात, पातळ काहीतरी. आणि तुला देवाने लाज दिली नाही, तोंड भरपूर दिलंय. ते वापर. कॉलेजात जा, त्या हॉलमध्ये जा, दुकानदाराला विचार, रस्ता झाडणाऱ्याला विचार. परक्या मुलांसाठी कुठं काय मिळतं, खोली कोण देतं, नडीला पैसे कोण देतं? ही मुलं विचारायला लाजतात, तू विचार. पण हात खिशात ठेवून.

रागात असले तरी तुझीच,
ताई


२१ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाढतोय. दातपडक्या (आता सगळेच त्याला तसं म्हणतात, तोसुद्धा) पहिल्या दिवशी माझ्या हातातला डाव बघून भिंतीला चिकटला. मग नियम सांगितला. तो हसला, हसताना ओठ फाटला, पुन्हा रक्त. भात लाल झाला तरी खाल्लान. आता मला हक्काने ऑर्डरी सोडतो, मीठ कमी आहे, गार झालंय. सासू परवडली.

तू म्हणालीस तसं तोंड वापरलं. सकाळी मासळीच्या गोदामात खोकी उचलतो, दुपारी हिंडतो. (तिथं लोखंडी आकड्याने बर्फ फोडतात, काल एकाच्या मांडीतच घुसला, तो शिव्या देत हसत होता. असो.) हॉलच्या स्वयंपाकघरात गेलो, म्हटलं भांडी घासतो, मला आत घ्या. घेतलं. आता रांग मी लावतो, ढकलाढकली बंद. तिथल्या कांदे चिरणाऱ्या आजोबांनी एका रिटायर नर्सबाईंचं घर सांगितलं. तिच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत, भाडं नको, वर-खाली सामान नेणारं आणि रात्री घरात असणारं कुणी हवंय. आणि कॉलेजात एक चष्मेवाली बाई बसते, तिचं कामच अडलेल्या मुलांना पैसे मिळवून देण्याचं. एवढे दिवस तिच्यापुढची खुर्ची रिकामी! मुलं म्हणतात, मदत मागितली की व्हिसाच्या कागदावर शिक्का बसतो. मी तिला तोंडावर विचारलं, बसतो का? ती म्हणाली, कोणी सांगितलं? सांगितलं कोणी असणार? घरमालकानेच.

शेंडेफळ तरीही तिच्याकडे जायला तयार नाही. मी भीक मागणार नाही, म्हणते. मी म्हटलं, मग बेशुद्ध पड. पुन्हा अबोला.

एक बोलतो, राग मानू नकोस. नियम अण्णांचा, पण तो त्यांनीच मोडला. मला पट्ट्याने पाठ फुटेस्तोवर मारलं आणि वाढलं नाही. म्हणून तर मी त्या दिवशी घर सोडलं ते सोडलंच. तू नियमाचं एवढं सांगतेस म्हणून आठवलं.

लोभाला खंड पडू नये,
भिंगरी


२९ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर माझं बघून घाबरशील. दादा बरा आहे, पण त्याच्या उजव्या हाताची दोन हाडं मोडली आहेत, प्लास्टर घातलं आहे. तो शेजारी बसून काय लिहायचं ते सांगतो आहे. मी त्यातलं काहीच लिहीत नाही.

शुक्रवारी सकाळी हातोडा बाहेरचं दार न्यायला आला. मागे घरमालक उभा होता. मी अभ्यासाला बसले होते, दादा मुलांना वाढत होता. हात खिशात ठेवायचं त्याने तुला कबूल केलं होतं म्हणे, म्हणून तो खरोखरच खिशात हात घालून दारात उभा राहिला. परीक्षा होईपर्यंत थांबा, असं शांतपणे सांगत होता. हातोड्याने त्याला छातीवर लाथ घातली. दादा पडला आणि उठताना त्याने चौकट धरली. त्याच हातावर घाव बसला. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. दुसरा घाव चुकला, भिंतीचा पोपडा उडाला. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा शेगडीवरचा जड तवा माझ्या हातात होता. कसा आला ते आठवत नाही. मी मागून त्याच्या डोक्यात घातला. तो गुडघ्यावर आला तरी मी पुन्हा घातला. ताई, मी आजवर कुणाला चिमटासुद्धा काढला नव्हता. त्याचं रक्त माझ्या वह्यांवर उडालं आणि मला थांबावंसं वाटत नव्हतं. दातपडक्याने मला कमरेला धरून ओढलं.

घरमालक ओरडत होता की तुम्हा सगळ्यांना हाकलून देशाबाहेर घालवीन. मग कॉलेजातल्या ज्या बाईकडे मी जात नव्हते तिच्याकडे रक्ताळलेल्या कपड्यांनीच गेले. आम्ही सातही जण गेलो. तिने पाणी दिलं आणि वकील बोलावला. तो म्हणाला की दार काढून नेणं हाच मोठा गुन्हा आहे आणि तक्रार करणाऱ्याच्या कागदांना काही होत नाही. एवढी साधी गोष्ट. कुणी विचारलीच नव्हती. घरमालक आता कोठडीत आहे. हातोड्याने त्याच्याविरुद्ध जबाब दिला, त्याला जामिनावर सोडलं. कॉलेजच्या मदतनिधीतून परीक्षेची फी भरली गेली. मी आणि माझी मैत्रीण नर्सबाईंच्या माडीवर आलो आहोत. बाकीच्यांच्या खोल्यांसाठी कॉलेजातली बाई फोन करते आहे. पहिला पेपर सोमवारी आहे.

तुला खोटं सांगत आले. वजन वाढलं नव्हतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
शेंडेफळ


६ नोव्हेंबर

चि. भिंगरी आणि चि. शेंडेफळ,
दोघांना अ. आ., या वेळी मनापासून.

पत्र दोनदा वाचून हे म्हणाले की तवा नीट आहे ना. पेपर कसा गेला ते कळव, शेंडेफळा. आणि तुलाही सांगते, नियम लाडक्यांना माफ नाही. डोकं तू फोडलंस.

भिंगरी, अण्णांनी वाढलं नाही असं तू लिहिलंस ते खोटं आहे. पण ते तुला ठाऊक नव्हतं. तू मागच्या दाराने गेलास तेव्हा दिवेलागण व्हायची होती. अण्णांनी ताट घेतलं, स्वतः वाढलं, आणि तुला हाका मारत बसले. कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी ते ताट त्यांनी कुणाला उचलू दिलं नाही. नियम त्यांनी मोडला नाही रे. जेवणारा निघून गेला होता. शेवटच्या आजारपणातही विचारायचे, पोरगं जेवलं का?

हाताला जपा,
ताई


१७ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितोय, कोंबड्याचे पाय समज. शेंडेफळाचे पेपर संपले. बरे गेले म्हणते, म्हणजे फार चांगले गेले.

काल हॉलच्या रांगेत (पेपर संपल्यापासून शेंडेफळही तिथं वाढायला येते) हातोडा उभा होता. डोक्याला टाके, मालकाच्या जिन्याखाली राहायचा ती जागाही गेलेली. दातपडक्याच्या हातून भांडं पडलं. माझा डावा हात आपोआप वळला. मी पुढे झालोच होतो, पण शेंडेफळ टेबलाला वळसा घालून डाव घेऊन त्याच्यासमोर गेली. तिला बघून त्या राक्षसाने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. तिने वाढलं. तो खाईपर्यंत उभी राहिली. रोज ये, टाके सुटेपर्यंत, असं म्हणाली आणि आमच्या घरचा नियम त्याला सांगितला. सगळा सांगितला.

त्याने ताट पुसून खाल्लं. मग उठला, तिच्या हातातला डाव घेतला आणि माझ्याकडे आला. मी तोवर प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलो होतो. त्याच हाताने वाढलं, ताई, ज्याने माझी हाडं मोडली. निम्मं टेबलावर सांडलं. मग दातपडक्यालाही वाढलं.

मी माफबिफ केलं नाही. त्याचं डोकं अजून फोडावंसं वाटतं. पण मग त्याला वाढायची पाळी माझी, आणि डाव्या हाताने ते काही जमायचं नाही. म्हणून जेवलो.

लोभ ठेव, मी पुढच्या महिन्यात घरी येतोय,
भिंगरी

ता. क. त्या दिवशी अण्णांनी ताटात काय काय वाढलं होतं, तेवढं आठवून लिही.